आरव्हीतला फ्रीज गोठवतोय? आधी सेन्सरची क्लिप पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मुलांकडे उन्हाळ्यात आलेले आई-वडील आणि सगळ्यांनी मिळून भाड्याच्या आरव्हीतून, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून, यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन, हा बेत आता अनेक मराठी घरांत आखला जातो. त्याविषयीच्या लेखांत गाडी कुठे लावावी, टाकी कुठे रिकामी करावी हे सगळे असते. फ्रीजबद्दल मात्र ‘गाडी सपाट जागी उभी करा, नाहीतर थंड होणार नाही’ एवढेच. फ्रीज गरजेपेक्षा जास्त थंड होणे हाही बिघाडच आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. दूध गोठले तर फारसे बिघडत नाही, पण त्याच फळीवर वडिलांचे इन्सुलिन असते. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले, तरी टाकूनच द्यावे लागते.

अनेक आरव्हींमध्ये अजूनही अॅब्सॉर्प्शन फ्रीज असतो. त्याला कॉम्प्रेसर नसतो. गॅसची ज्योत किंवा विजेचा हीटर मागच्या नळ्यांतले अमोनियाचे द्रावण तापवतो आणि त्यातून आत थंडावा तयार होतो. उष्णता कधी चालू आणि कधी बंद, हे सर्किट बोर्ड ठरवतो, आणि तेही एकाच थर्मिस्टरच्या, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या सेन्सरच्या, भरवशावर. खालच्या कप्प्यात मागे अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या दिसतात, त्यांतल्या एकीवर हा छोटा सेन्सर प्लास्टिकच्या क्लिपने अडकवलेला असतो. फ्रीजरला वेगळे नियंत्रण बहुधा नसतेच.

फळ्या पुसताना किंवा भाजी कोंबताना ही क्लिप निसटते. मग सेन्सर हवेत लोंबकळतो. हवा पट्टीपेक्षा उबदार असल्याने बोर्डाला वाटते की अजून पुरेसे थंड झालेले नाही, आणि उष्णता चालूच राहून फ्रीज आणखी थंड होत जातो. फ्रीज गोठवत असेल तर सर्वांत आधी हेच पाहावे. हत्यार लागत नाही, भाड्याच्या गाडीतही दोन मिनिटांत होते. क्लिप जागेवर असेल तर ती थोडी खाली सरकवा. वर सरकवली की फ्रीज जास्त थंड होतो, खाली सरकवली की कमी. डोमेटिक या कंपनीच्या ज्या फ्रीज-मॉडेलांवर फक्त चालू-बंद आणि गॅसची बटणे असतात, तिथे तापमान कमी-जास्त करायला हाच एक मार्ग आहे. एका वेळी सेंटिमीटरभरच हलवा आणि पूर्ण २४ तास थांबा. हा फ्रीज मुळातच संथ आहे. तासाभरात पुन्हा सरकवत राहिलात तर काहीच कळणार नाही.

तापमान हवेचे मोजू नका, दार उघडले की ते बदलते. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर ठेवा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचा. ३४ ते ४० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १ ते ४ अंश सेल्सिअस, ठीक. इन्सुलिन असेल तर ३च्या खाली जाऊ देऊ नका. आणि फक्त पट्ट्यांना टेकलेली कोथिंबीर किंवा दहीच गोठत असेल, तर फ्रीज बिघडलेला नाही. पट्ट्या शून्याखाली जातातच, त्यांच्यापुढे दोन बोटे जागा सोडा.

क्लिप नीट असूनही गोठत असेल तर सेन्सर तपासावा. ग्लासात भरपूर बर्फ आणि थोडे पाणी घ्या, सेन्सरचा प्लग बोर्डापासून काढा, टोक १० मिनिटे बुडवून ठेवा आणि मल्टिमीटर लावा. डोमेटिकच्या सेन्सरला तेव्हा सुमारे ७,००० ते १०,००० ओहम दिसायला हवेत. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, ते त्यांच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावेत. थंडी वाढली की या सेन्सरचा रोध वाढतो. म्हणून आकडा फार कमी आला, तर सेन्सर शॉर्ट झाला आहे किंवा जोडणीत ओल शिरली आहे. बोर्डाला ते ‘गरम’ असेच कळते.

सेन्सरही चांगला निघाला तर संशय बोर्डावरच्या रिलेवर, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवर. तो चिकटला की हीटर बंदच होत नाही. यासाठी १२० व्होल्टच्या तारांना हात लावायची गरज नाही. गाडीच्या बाहेरून फ्रीजमागचे जाळीचे झाकण काढा, फ्रीजचा प्लग सॉकेटमधून काढा आणि एक दिवस फ्रीज गॅसवर चालवा. गॅसवर तापमान नीट राहिले आणि विजेवर पुन्हा गोठले, तर दोष बोर्डाचा. तो तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावा. गॅस, १२० व्होल्ट आणि गाडीची १२ व्होल्टची वीज अशा तिन्हींवर चालणाऱ्या जुन्या तीन-मार्गी फ्रीजपैकी अनेकांना १२ व्होल्टवर थर्मोस्टॅटच नसतो. ते गाडी चालू असेपर्यंत थंडच करत राहतात.

यलोस्टोन लेक समुद्रसपाटीपासून सुमारे ७,७०० फुटांवर आहे, तिथल्या रात्री जुलैतही कडक असतात. अशा रात्री दार उघडले जात नाही आणि बाहेरची थंडीही मदतीला येते. तापमानाचे बटण असेल तर झोपण्यापूर्वी एक पायरी कमी करा. इन्सुलिन पट्ट्यांपासून दूर, दाराच्या वरच्या कप्प्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. वापरात असलेली अनेक पेने साध्या तापमानातही २८ दिवस चालतात. लेबल वाचून तसे असेल, तर ते पेन फ्रीजमध्ये ठेवूच नका.

गाडी ताब्यात घेताना फ्रीज आदल्या दिवसापासून चालू ठेवायला सांगा, आत थर्मामीटरचा ग्लास ठेवलेला असू द्या आणि क्लिप कोणत्या पट्टीवर, किती उंचीवर आहे याचा फोटो काढून घ्या. वाटेत तक्रार करावी लागली, तर गॅसवर किती अंश आणि विजेवर किती, हे दोन आकडे आणि तो फोटो पाठवा. मेकॅनिकला कोणता भाग सोबत आणायचा ते तेवढ्यावरून कळते.

— आरव्ही-दुरुस्तीच्या कामातील एक वाचक, अमेरिका