रोड बाइकची अरुंद सॅडल बदलून मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: लहान मापाच्या रोड बाइकसोबत आलेली अरुंद सॅडल (सायकलची बैठक), दुकानातली चुकीची जोडणी आणि त्यावर उपाय म्हणून विकलेले जेल कव्हर

महोदय/महोदया,

आपल्या वेबसाइटवरून माझ्या मुलीसाठी घेतलेली रोड बाइक (पक्क्या रस्त्यावर वेगाने, पुढे वाकून चालवायची सायकल) आपल्या अंधेरीच्या दुकानात जोडून आम्हाला देण्यात आली. तिची ही पहिलीच रोड बाइक. फ्रेम, गिअर, ब्रेक यांबद्दल काहीही तक्रार नाही. ब्रेक तर या किमतीला उत्तम आहेत. तक्रार बसण्याची आहे. तासाभराच्या आत जांघेमधला भाग बधिर होतो, उतरल्यावर मुंग्या येतात. दुकानात सांगितले की एकच उत्तर मिळते: नवीन आहे, दोन आठवड्यांत सवय होईल.

नव्या सायकलस्वाराला सुरुवातीला बूड दुखणे स्वाभाविक आहे, हे मला मान्य आहे. पण ते दुखणे बैठकीच्या दोन हाडांवर असते. कडक स्टुलावर ताठ बसले की जी दोन टोके टोचतात, तीच ही हाडे. तिथे ठणकते, एकदोन दिवस विश्रांती घेतली की थांबते, आणि अंतर बेताबेताने वाढवत गेले की काही आठवड्यांत कमी होते. बधिरपणाचे कारण निराळे. हाडांवर पडायला हवा तो भार मधल्या मऊ भागावर पडतो, तिथली नस आणि रक्तवाहिन्या चेपल्या जातात. याची सवय करून घ्यायची नसते. दाब कुठून येतो ते शोधून तो काढायचा असतो. आपल्या दुकानातल्या माणसाने या दोन दुखण्यांत फरकच केला नाही.

बाइक ताब्यात आली त्या स्थितीत घेतलेली मापे आणि फोटो सोबत जोडले आहेत. सॅडलचे नाक ४ अंश वर उचललेले होते. सॅडलवर लांबीच्या दिशेने सपाट फळी ठेवून त्यावर पाणसळ किंवा मोबाइलमधले पातळी दाखवणारे अ‍ॅप ठेवले की हे लगेच दिसते. सुरुवात नेहमी सपाट पातळीपासून करतात, आणि गरज वाटली तर नाक १ ते ३ अंश खाली नेतात. वर उचललेले नाक खाली वाकून हँडल धरणाऱ्याच्या नेमक्या मऊ भागात रुतते. ३ अंशांहून जास्त खाली केले तर माणूस पुढे घसरतो आणि हातांवर भार येतो, म्हणून हेही अंदाजाने करायचे काम नाही.

उंचीही चुकलेली होती. अनवाणी भिंतीला टेकून, दोन पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरून जमिनीपर्यंत मोजले तर मुलीच्या पायाचे आतले माप ७४ सेंमी भरते. त्याला ०.८८३ ने गुणले की ६५.३ सेंमी येतात. क्रँक (पॅडलचे दांडे) ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण इतकी ठेवून पुढचे बारीक बदल करायचे. दुकानाने ती ६८ सेंमी ठेवली होती. इतक्या उंचीवर पाय पॅडलच्या तळाशी पोहोचवण्यासाठी प्रत्येक फेरीत कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकते आणि जांघ सॅडलच्या कडेवर घासत राहते. मुंबईच्या दमट हवेत घामाने भिजलेली त्वचा अशी घासली गेली की सोलवटते, मग केसतूड होते.

सॅडल मागेही इतकी सरकवली होती की सीटपोस्टची (सॅडलखालच्या दांड्याची) पकड रेलवर (सॅडलच्या पोटाखालच्या दोन सळ्यांवर) छापलेल्या मर्यादेच्या खुणेबाहेर, रेल जिथे वळतो तिथे बसली होती. तिथे रेल वाकू किंवा तुटू शकतो, म्हणून हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. शिवाय सॅडल इतकी मागे गेली की हँडल लांब पडते, स्वार ते गाठण्यासाठी पुढे सरकतो आणि सॅडलच्या रुंद भागाऐवजी नाकावर बसतो. क्रँक आडवे ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पॅडलच्या आसाजवळ पडावा, ही सुरुवात करण्याची जुनी पद्धत आहे. दुकानात ओळंबा सोडला गेला नाही, पायाचे मापही घेतले गेले नाही.

टायर २५ मिमीचे, हवा १२० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप). मुलीचे वजन ५६ किलो. तिला ७५ ते ८० च्या आसपास पुरते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या उड्डाणपुलांचे सांधे आणि मुलुंडच्या आतल्या रस्त्यांवरचे पेव्हर ब्लॉक १२० च्या हवेत थेट सॅडलवर आदळतात.

हे सगळे मी घरी दुरुस्त केले. त्यानंतर घासणे थांबले, हाडांवरचे दुखणे उतरले. बधिरपणा मात्र राहिला. मुलगी पॅड असलेली सायकलिंगची शॉर्ट आत अंतर्वस्त्र न घालता वापरते, दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभी राहून दाब मोकळा करते, घरी येताच कपडे बदलते आणि शॉर्ट दर वेळी धुते. त्यामुळे दोष वापराचा आहे असे म्हणायला जागा नाही. उरते ती सॅडलची रुंदी.

ती मोजायला यंत्र लागत नाही. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कडक, सपाट स्टुलावर ठेवायचा, त्यावर बसून हँडल धरल्यासारखे थोडे पुढे वाकायचे, टाचा उचलायच्या आणि उठायचे. दोन खोलगट खुणा उमटतात; त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर घ्यायचे. मुलीचे १२५ मिमी भरले. रोड बाइकवरच्या बसण्यासाठी या आकड्यात साधारण २० ते २५ मिमी मिळवतात, म्हणजे तिला १४५ ते १५० मिमी रुंदीची सॅडल हवी. आपण दिलेली १३२ मिमी आहे. वरवर पाहता १२५ पेक्षा १३२ जास्त वाटते, पण या सॅडलचा माथा घुमटासारखा गोल आहे आणि शेवटचे कित्येक मिलिमीटर दोन्ही बाजूंना उतरते आहेत. हाडे त्या उतारावर येतात, बाहेर घसरतात, आणि शरीराचा भार मधल्या उंचवट्यावर पडतो. मध्ये खाच किंवा पोकळी नाही, त्यामुळे त्या भागाला सुटकाच नाही.

आपल्या दुकानात मी पाहिले: याच मॉडेलच्या सर्वांत लहान फ्रेमपासून सर्वांत मोठ्या फ्रेमपर्यंत हीच १३२ मिमीची सॅडल बसवलेली आहे. लहान फ्रेम घेणाऱ्यांत स्त्रिया बऱ्याच असतात, आणि स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधले अंतर सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असते. फ्रेम लहान म्हणून सॅडल अरुंद चालेल, हा हिशेब चुकीचा आहे. वेबसाइटवर टायर, स्टेम, क्रँक यांची मापे मिलिमीटरमध्ये दिली आहेत. सॅडलपुढे फक्त ‘आरामदायी’ इतकेच लिहिले आहे.

तक्रार केल्यावर दुकानाने जाड जेल कव्हर विकले. याने त्रास वाढला, आणि का वाढला ते दुकानाला माहीत असायला हवे होते. मऊ थरात हाडे रुततात, आणि दबलेले जेल मधोमध वर उठून नको त्याच जागी दाबते. कव्हरमुळे नाक जाड होऊन मांडीच्या आतल्या बाजूला घासते, सॅडलची ठरवलेली उंची बदलते, आणि कापड घाम धरून ठेवते. पावसाळ्यात ते सुकत नाही. वीस मिनिटे बाजारात जायच्या सायकलला असे कव्हर ठीक. ऐरोली पुलावरून नवी मुंबईतला पाम बीच रोड गाठून परत येणाऱ्या स्वाराला ते देऊ नये.

सॅडल बदलून मागितल्यावर ‘वापरलेला माल परत घेत नाही’ असे सांगण्यात आले. सॅडल न वापरता ती योग्य आहे की नाही हे कळूच शकत नाही. काही उत्पादक याच कारणाने ३० दिवसांत अदलाबदल करू देतात.

माझी मागणी अशी आहे. १४५ ते १५० मिमी रुंदीची, माथा कमी गोलाईचा आणि मध्ये पोकळी असलेली सॅडल बदलून द्यावी. रेल ७ मिमीचे गोल आहेत, त्यामुळे सध्याच्या सीटपोस्टवर ती बसेल. पकड तीच, काम अ‍ॅलन पान्ह्याचे. किमतीत फरक असेल तर तो मी भरेन. जेल कव्हरचे पैसे मात्र पूर्ण परत हवेत, कारण ते चुकीच्या सल्ल्यावर विकले गेले. वेबसाइटवर प्रत्येक फ्रेमपुढे सॅडलची रुंदी छापावी, आणि बाइक ताब्यात देताना पायाचे माप, सॅडलची उंची, कल आणि टायरची हवा कागदावर लिहून द्यावी. या शेवटच्या दोन मागण्या माझ्या मुलीसाठी नाहीत, तिचे काम मी घरी केले. ज्या मुलींच्या घरी हे कुणाला ठाऊक नाही त्या ‘सवय होईल’ ऐकून बाइक विकून टाकतात.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ही तक्रार याच मापांसह नेईन.

नवी सॅडल पाठवण्यापूर्वी तिची रुंदी आणि रेलपासून माथ्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये कळवावी, म्हणजे सीटपोस्टची उंची आधीच हिशेबात धरता येईल. जुनी सॅडल आणि कव्हर त्याच दिवशी दुकानात जमा करू.

कळावे,
आपली ग्राहक,
मुलुंड (पूर्व), मुंबई

सोबत: बिलाची प्रत, जेल कव्हरची पावती, ताबा मिळाल्या वेळचे फोटो, पुठ्ठ्यावरच्या खुणांचा मोजपट्टीसह फोटो