पुस्तकासाठी रजा मिळायला हवी

महोदय,

पत्रकारांच्या पुस्तकांवरची आपली पुरवणी वाचली. आवृत्त्या आणि पुरस्कार यांवर भरपूर मजकूर आहे, पण पुस्तक लिहीत असताना या माणसांचं घर कसं चालतं, यावर एक ओळही नाही.

मी २१ वर्षं उपसंपादक होतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या बातमीदार बाईंनी विस्थापितांवर पुस्तक लिहिण्यासाठी वर्षभराची बिनपगारी रजा मागितली. ती नाकारली गेली, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. पुस्तकाला चार वर्षं लागली. एकेका माणसाला त्या तीनतीनदा भेटल्या, कारण पहिल्या भेटीत लोक बातमीपुरतंच बोलतात. (हे त्यांनीच मला शिकवलं.) परत आल्या तेव्हा त्यांची जागा भरलेली होती.

अमेरिकन पत्रकार जॉन हर्सी यांचा हिरोशिमावरचा वृत्तांत छापण्यासाठी ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकाने ३१ ऑगस्ट १९४६चा अख्खा अंक दिला. त्याच वर्षी त्याचं पुस्तक झालं. त्या वृत्तांतातल्या सहा माणसांचं पुढे काय झालं हे लिहायला हर्सी सुमारे चार दशकांनी परत गेले. २०१५चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या बेलारूसच्या लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांची सुरुवातही वृत्तपत्रातच झाली.

अशी माणसं प्रत्येक वृत्तपत्रात आहेत. आपण निदान वर्षाची रजा आणि परतल्यावर तीच जागा, एवढं लेखी द्यावं. आपल्या दैनिकानं सुरुवात केली, तर मला मनापासून आनंद होईल.

– एक निवृत्त उपसंपादक