पाठानंतरच्या चर्चेलाही तास हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील आंतरवासितेचा (इंटर्नशिपचा) काळ २० आठवड्यांपर्यंत वाढला. हा बदल योग्यच होता. मात्र या काळात छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, एकमेकांकडून आणि शाळेतील जुन्या शिक्षकांकडून जे शिकू शकतात, त्यासाठी वेळापत्रकात जागाच नसते, हे मार्गदर्शक शिक्षिका म्हणून मला वर्षानुवर्षे खटकत आले आहे.

सहाध्यायांच्या पाठांचे निरीक्षण होते आणि वह्याही भरतात. पण बहुतेक वह्यांत ‘प्रस्तावना समर्पक’, ‘फलकलेखन सुवाच्य’, ‘वर्गनियंत्रण चांगले’ हेच शेरे आढळतात. बरोबरीच्याचा दोष कसा दाखवावा, हा संकोच असतो आणि गुणांची धास्तीही असते. म्हणून मत न देता फक्त जे दिसले तेच टिपावे, हा मार्ग मला अधिक हिताचा वाटतो. आमच्या शाळेत एक छात्राध्यापिका आठवीला बैजिक राशींचे अवयव शिकवत असताना मागे बसलेल्या तिच्या मैत्रिणीने कागदावर वर्गातील बाके आखली आणि ज्या बाकाला प्रश्न गेला तेथे फुली मारली. तास संपल्यावर दोघींनी कागद पाहिला, तेव्हा साऱ्या फुल्या पुढच्या दोन ओळींतच होत्या. दाराकडची मुले तासभर एकदाही बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने पहिला प्रश्न दाराजवळच्या शेवटच्या बाकाला विचारला.

छात्राध्यापक आले की गैरहजर शिक्षकांचे तास त्यांच्या माथी मारण्याची सवय अनेक शाळांना लागली आहे. त्याऐवजी आधी त्यांना अनुभवी शिक्षकांच्या तासाला बसू द्यावे. प्रश्न विचारल्यावर मुरलेला शिक्षक लगेच कोणाचे नाव घेत नाही. तो क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात एरवी गप्प बसणारा मुलगाही विचार करू लागतो. पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, हे थांबणे लिहिलेले नसते. ‘सर, तुम्ही तिथे का थांबलात?’ असे विचारायला तासानंतर निवांत दहा मिनिटे तरी मिळायला हवीत.

१९३५ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ग्रामीण शिक्षक घडवण्यासाठी साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढले. त्या जिल्ह्याकडून एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता ठरणार आहे. ती घडी बसण्याआधी अध्यापक महाविद्यालये आणि मुख्याध्यापकांनी मिळून आठवड्यातील दोन तास पाठांवरील चर्चेसाठी राखून ठेवावेत, त्या वेळी छात्राध्यापकांना बदली तास देऊ नयेत आणि ही चर्चा गुणांपासून पूर्णपणे वेगळी ठेवावी. महाविद्यालयातून निरीक्षणाला येणाऱ्या प्राध्यापकांनीही वहीतील पाने मोजण्याऐवजी एखादी नोंद वाचून, त्यामुळे पुढच्या पाठात काय बदलले, हे छात्राध्यापकाला विचारावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका, कोरेगाव (जि. सातारा)