आमची पाणीपट्टी वाढवा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार,

गावाकडची बातमी आपल्या पेपरात आली की ती बहुतेक तीनच जातीची असते, सरपंचावर अविश्वास ठराव, कशाचं तरी भूमिपूजन नाहीतर दोन पार्ट्यांची मारामारी. तक्रार करत नाही, जे घडतं तेच छापणार तुम्ही. पण आमच्या ग्रामपंचायतीनं गेल्या वर्षभरात जी कामं केली ती फोटोत येण्यासारखी नाहीत, त्यामुळं कुणी वार्ताहर तिकडं फिरकला नाही आणि गावातल्या लोकांनाही वाटतंय की यंदा काहीच झालं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. गाव खटाव तालुक्यातलं, येरळा नदीच्या पट्ट्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, दिलं की पत्रात काय लिहिलंय ते राहील बाजूला आणि हे कुठल्या पार्टीनं लिहून घेतलं यावरच पारावर चर्चा चालू होईल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आमची पाणीपट्टी वाढवा. छपाईची चूक नाही, वाढवाच म्हणतोय. का ते पुढं सांगतो.

जलजीवन मिशनची घोषणा झाली २०१९ च्या १५ ऑगस्टला, घरोघरी नळ आणि माणशी रोजचं ५५ लिटर पाणी. पाच माणसांचं घर धरलं तर २७५ लिटर होतात म्हणजे एक मोठं बॅरल भरून वर सहा-सात हंडे. आता नळ म्हणाल तर आमच्याकडं घरोघरी आलेत, पाइप नवीन, टाकी रंगवलेली, टाकीवर गावाचं नाव पण मोठ्या अक्षरात आहे, पण वरच्या आळीला पाणी काही चढायचं नाही. खालची आळी अंगण धुणार आणि वरच्या आळीतल्या बायका कळशी घेऊन खाली येणार हे वर्षानुवर्षं चाललेलं. प्रत्येक निवडणुकीत यावर भाषणं झाली, टाकी उंच पाहिजे, मोटर मोठी पाहिजे, नवीन स्कीम पाहिजे. कारण निघालं भलतंच. मागं कधीतरी चौकात पेव्हिंग ब्लॉक बसवले तेव्हा ठेकेदारानं व्हॉल्व्हचा चेंबरच बुजवून टाकला होता आणि तो व्हॉल्व्ह अर्धवट बंद अवस्थेत खाली तसाच. नवी लाइन पुढं जोडली ती पण त्याच व्हॉल्व्हच्या पुढनं. जुने शिपाई आहेत, रिटायर झालेत, गाव त्यांना आप्पाच म्हणतं, त्यांना शेवटी घरनं बोलावून आणलं. आप्पा चौकात उभे राहिले, मारुतीच्या देवळाच्या पायरीपासनं पावलं टाकत आले आणि काठी टेकवून म्हणाले हितं उकरा. ब्लॉक काढले, दोन फूट माती काढली तर व्हॉल्व्ह त्याच जागेवर, वर गंजाचा थर, स्पिंडल फिरता फिरंना. डिझेल ओतून रात्रभर ठेवला, सकाळी दोघांनी चावी लावून फिरवला तेव्हा कुठं हलला. पुढं तो बदलूनच टाकला आणि चेंबर बांधून वर लोखंडी झाकण केलं. एवढ्या कामाला कोण भूमिपूजन करणार, नारळ फोडायलासुद्धा जागा नाही तिथं. पण वरच्या आळीला पाणी आलं.

आलं म्हणजे पूर्ण आलं असं नाही, कारण मग मोटरींचा विषय निघाला. नळाला डायरेक्ट मोटर जोडून पाणी ओढायचं ही खोड आता गावागावात आहे, आपण ओढलं की पुढच्याच्या नळाला नुसती हवा. सरपंचताईंनी आधी दवंडी दिली मग व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं मग नोटिसा काढल्या आणि शेवटी कनेक्शन तोडायला सुरुवात केली. पहिलं तोडलं ते एका सदस्याच्याच भावकीतलं. त्यावरनं त्या घरात आणि पंचायतीत काय काय झालं ते इथं लिहीत नाही, पण त्यानंतर बाकीच्यांनी आपापल्या मोटरी गुपचूप काढून घेतल्या.

सरपंचताईंबद्दल दोन शब्द. आपल्या राज्यात पंचायतीत बायकांना निम्म्या जागा २०११ पासनं आहेत, पण खुर्चीवर बसतं कोण ते सगळ्यांना माहितीये. आमच्याकडं पण सुरुवातीला सगळे फोन ताईंच्या मालकांनाच जायचे, दाखला पाहिजे मालकांना फोन, गटार तुंबलं मालकांना फोन. यंदा ताईंनी पंचायतीच्या दारावर स्वतःचा नंबर लावला आणि मालक आता कट्ट्यावर बसून पेपर वाचत असतात, मीटिंग चालू असली तर आत येत नाहीत. तालुक्याला मीटिंगला गेलं तर अजून लोक साहेब कुठायत विचारतात म्हणे. विचारू देत.

दुसरं न दिसणारं काम म्हणजे टीसीएल, म्हणजे पाण्यातले जंतू मारायची ब्लीचिंग पावडर. पाण्यात टीसीएल पावडर टाकायची हे सगळ्या पंचायतीत रजिस्टरला रोज लिहिलेलं असतं, टाकतात किती जण हा प्रश्न वेगळा. आमच्याकडं यंदा असं केलं की तपासणी टाकीजवळ करायची नाही, टेलच्या म्हणजे लाइनीच्या शेवटच्या घरी करायची. कॅनॉलच्या पाण्याला टेलवाल्याचं दुःख आपल्याकडं सगळ्यांना कळतं पण नळाच्या पाण्याचा पण टेल असतो हे कुणी लक्षात घेत नाही. आशाताई (म्हणजे गावातल्या आशा सेविका) सकाळी पाणी सुटल्यावर शेवटच्या घरी जातात, नळीत पाणी घेतात, त्यात ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकतात, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन तिथपर्यंत पोचलंय. पाणी तसंच पांढरं राहिलं तर पाणी सोडणाऱ्याला तिथनंच फोन. नियमानं शेवटच्या नळाला लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. सुरुवातीला लोक ओरडले पाण्याला वास येतोय म्हणून, चहा बिघडतोय म्हणून. एक जण तर म्हणाला आमच्या म्हशी तोंड लावंनात. पण पावसाळ्यात ओढ्याचं पाणी विहिरीत उतरतं आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं जुलाबाची लाट यायची ती यंदा आली नाही. बाकीची पण कारणं असतील, पण मी तरी श्रेय त्या पिवळ्या रंगाला देतो.

सांडपाण्याचं अर्धवट झालं. नरेगातनं शोषखड्डे घेतले, खड्ड्यात दगड, विटांचे तुकडे, वर खडी, असं भरून घराचं सांडपाणी त्यात सोडायचं. माळाकडच्या बाजूला जमीन मुरमाड आहे तिथं झकास चाललेत, गटारच लागत नाही आणि मच्छर पण कमी झाले. पण ओढ्याकडची जमीन काळी, ती पाणी पीतच नाही, तिथले खड्डे दोन महिन्यात तुंबले आणि लोक म्हणायला लागले स्कीमच फालतू. स्कीम फालतू नाही, सगळ्या गावाला एकच माप लावलं ते चुकलं. तिथं गटारच पाहिजे होतं. घंटागाडी आली, पण ओला-सुका वेगळा कोण करत नाही आणि गाडी शेवटी सगळं ओढ्याच्या कडेलाच नेऊन ओतते, तिथं रात्री प्लॅस्टिक पेटवलं की आख्ख्या गावात धूर. ह्याचे मार्क मी देणार नाही.

आणि कमान. कमान झाली बरं का, ती मात्र फोटोत आली. चांगली आहे, ग्रॅनाइट लावलंय, रात्री लाइट लागतात. जाऊ दे.

आता पैशाकडं येतो कारण खरं दुखणं तिथं आहे आणि हे लोकांना कुणी नीट सांगत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा पंचायतीला येत होता त्यात ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे स्वच्छता आणि पाणी यालाच खर्चायचा, अबंधित गावाच्या गरजेप्रमाणं. पण त्यातला पैसा पगाराला वापरता येत नाही. म्हणजे व्हॉल्व्ह विकत घेता येतो, चेंबर बांधता येतो, पण रोज पहाटे उठून तो व्हॉल्व्ह फिरवणारा जो माणूस आहे त्याचा पगार पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातनं द्यायचा, म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टीतनं. सरकार कर्मचाऱ्यांच्या पगारात वाटा देतं पण त्याला वसुलीची अट, वसुली कमी झाली की तो वाटा पण कमी. वर विहिरीवरच्या मोटरीचं लाइट बिल आहेच. म्हणजे गावानं पट्टी थकवली की मार दुहेरी बसतो आणि तो मार खातो पाणी सोडणारा. आमच्या पाणीवाल्याचा पगार मागं कित्येक महिने थकला होता, दिवाळी त्यानं उसन्यावर केली, आणि त्याच दिवाळीला पाणी पाच मिनिटं उशिरा सुटलं म्हणून लोक त्याच्या दारात जाऊन भांडून आले.

हे सगळं मला कळलं कसं, तर यंदाच्या ग्रामसभेत. पूर्वी आमच्याकडं ग्रामसभा म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करत फिरणार. खरं तर कोरम काही फार नाही, मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर यात जे कमी असेल ते, पण तेवढी माणसं पण यायची नाहीत, सभा तहकूब व्हायची आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही, मग पाच-सात टाळकी बसून ठराव पास. यंदा एक पोरगा कॉलेजवरनं आला होता त्यानं मोबाइलवर ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडून पंचायतीनं कशावर किती खर्च टाकलाय ते सरळ ग्रुपवर टाकलं. गोंधळ झाला, दोन्ही पार्ट्या एकमेकांवर, पण त्यामुळं पुढच्या सभेला देवळात बसायला जागा नव्हती. ग्रामसेवकांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) एकेक रक्कम वाचून दाखवली, कुठल्या कामाला किती, कुणाकडं किती थकबाकी. थकबाकीची यादी वाचायला लागल्यावर पुढच्या रांगेतले तीन-चार जण पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. यादीत सगळ्यात वर कोण होते माहितीये, ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या आहेत ते. विधवा बाई, मजूर, वीटभट्टीवाला यांची पट्टी भरलेली.

त्याच सभेत पाणीपट्टी वाढवायचा विषय निघाला आणि असा आरडाओरडा झाला की ताईंनी विषय पुढं ढकलला. विरोधी पार्टी म्हणाली गरिबावर बोजा. सत्ताधारी पण गप्प कारण निवडणूक जवळ. आता मला सांगा, वाढ सुचवली होती ती महिन्याला एका मोबाइल रिचार्जपेक्षा कमी. आम्ही यात्रेला वर्गणी काढतो, कुस्त्यांचा फड लावतो, ऑर्केस्ट्रा आणतो, त्याला कुणी नाही म्हणत नाही आणि मी पण म्हणणार नाही, मी स्वतः कुस्त्यांना पुढं बसतो. पण पाण्याला पैसे मागितले की सगळे गरीब.

लोक म्हणतात सरकारनं करावं. सरकारनं पाइप टाकून दिला, टाकी बांधून दिली, पुढचं देखभाल दुरुस्तीचं काम पंचायतीनं करायचं असंच त्या योजनेत धरलेलं आहे. जुन्या योजना का बंद पडल्या ते आपल्या भागात फिरून बघा, गावागावात माळावर जुन्या टाक्या उभ्या आहेत, कावळे बसतात त्यावर. त्या बांधताना पण पेढे वाटले होतेच. आपल्या सातारा-सांगलीला हे नवीन शिकवायची गरज नाही हो, आर. आर. आबांनी २००० साली गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान काढलं तेव्हा गावंच्या गावं झाडू घेऊन उतरली होती, कोरेगावच्या वेळूनं २०१६ ला वॉटर कप ही पाणी अडवायच्या कामांची गावांची स्पर्धा जिंकली, माणमधल्या टाकेवाडीनं २०१८ ला जिंकली. श्रमदानाला, स्पर्धेला आपला माणूस मागं हटत नाही. स्पर्धा संपल्यावर दर महिन्याला न चुकता पावती फाडायची म्हटलं की मात्र अवघड जातं.

म्हणून माझी पंचायतीला विनंती आहे की विषय पुढं ढकलू नका. पाणीपट्टी वाढवा, पण त्याबरोबर तीन गोष्टी करा. मोठ्या थकबाकीदारांची वसुली आधी, मग वाढ. पाणीपट्टीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातनं पगार, लाइट बिल, दुरुस्ती याशिवाय एक रुपया बाहेर काढू नका, आणि हिशोब दर तीन महिन्यांनी चौकातल्या फळ्यावर लिहा. आणि जमलं तर मीटर बसवा, म्हणजे अंगण धुणारा आणि दोन हंड्यांत भागवणारी म्हातारी यांना एकच पट्टी हे बंद होईल. मीटर बसवायचा झाला तर पहिला माझ्या नळाला बसवा, माझी हरकत नाही. आमच्या मंडळींची आहे, तिची समजूत मी काढतो.

विरोधी पार्टीला पण सांगणं आहे. पाच वर्षांत कधीतरी तुम्ही पण त्या खुर्चीवर बसणार, तेव्हा हाच पाणीवाला आणि हाच व्हॉल्व्ह असणार. आज गरिबावर बोजा म्हणून आरडाओरडा केलात तर उद्या तुम्हाला पण वाढवता येणार नाही.

संपादक साहेब, पत्र लांबलंय, जागेप्रमाणं काटछाट केलीत तरी चालेल, कमानीचं काढून टाका हवं तर. पाणी सोडणाऱ्याच्या पगाराचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. खटाव, जि. सातारा