तक्रार: सीपीयू वॉटर ब्लॉकचा तळ खोलगट आहे, माझ्या खोलीत उकाडा नाही

कस्टमर केअर मॅनेजर,

तुमच्या माणसाशी चौथ्यांदा बोलून फोन ठेवला आणि दोन मिनिटांत मेसेज आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे'. कुणी सोडवली? कॉम्प्युटर तेव्हा माझ्यासमोर बंद पडून होता.

कॉम्प्युटर पाणी फिरवून गार ठेवायचा लूप मी घरीच जोडलाय, त्यात सीपीयूवर बसून त्याची उष्णता पाण्याला देणारा ब्लॉक तेवढा तुमचा. रेंडर, म्हणजे सीपीयूला ताण देणारं काम, लावला की पाच सेकंदांत सीपीयू 38 डिग्रीवरनं 92 वर. पाण्यात सेन्सर आहे, पाणी तेव्हा 30, अर्ध्या तासानं 34, खोली 28. पंप फिरतोय, हवा काढलीय, टाकीत (रिझर्व्हॉयरमध्ये) धार दिसते. तुम्ही ब्लॉक विकता म्हणजे पुढचं तुम्हाला कळायला पाहिजे, पाणी गार करणारा रेडिएटर कमी पडला असता तर आधी पाणी तापलं असतं, तेही हळूहळू. पाणी गार आणि चिप पेटलेली म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुमच्याकडं कोल्हापूरला उकाडा जास्त असतो ना?" मी म्हटलं अहो खोली 28 आहे, थर्मामीटर समोर आहे. थोडा वेळ होल्डवर ठेवलं, गाणं ऐकवलं, मग परत आला नि म्हणतो, "सर, टाकीत बर्फ घालून बघा." मला वाटलं चेष्टा करतोय. नाही, सिरियसली. "नसेल तर फ्रीजचं पाणी चालेल." वर "तोवर एसी लावा".

साहेब, ही काय उसाच्या रसाची गाडी आहे का? माझ्या लूपमध्ये लिटरभर पाणी आहे, सीपीयूच्या 150 वॅट उष्णतेनं ते 28 सेकंदांत एक डिग्री चढतं, म्हणजे 10 डिग्रीचं पाणी घातलं तरी दहा मिनिटांच्या आत खोलीएवढं होणार, वर पावसाळ्यातल्या आमच्या दमट हवेत पाइपांवर दव धरून मदरबोर्डवर ठिबकणार ते वेगळंच. तो बोर्ड तुम्ही देणार?

शेवटी ब्लॉक काढला. चिप आणि ब्लॉकमधे उष्णता जावी म्हणून लावतात ती पेस्ट कडेला दाबून पातळ झालेली, मधे मात्र जाड थर तसाच. उद्यमनगरात मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेला, त्यानं तळावर स्टीलची पट्टी आडवी धरली तर मधनं उजेड दिसतो. मधे किंचित फुगीर असता तर समजलो असतो, तसे मुद्दाम करतात, पण हा खोलगट आहे. आमच्या गावात ऑइल इंजिनं बनतात, सपाट म्हणजे काय ते आम्हाला फोनवर शिकवू नका. जुना साधा फॅनवाला कूलर लावला तर तोच रेंडर 74 वर चालतोय, तुमचा महागाचा ब्लॉक 92! आणि उपाय काय तर बर्फ.

तुमचं नाव ऐकून दोन मित्रांनाही हाच घ्यायला सांगणार होतो, लाज गेली असती.

आठ दिवसांत ब्लॉक बदलून द्या नाहीतर पूर्ण पैसे परत, कुरियर तुमच्या खर्चानं. नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवतो आणि जिल्हा ग्राहक आयोगात जातो, 2019 च्या कायद्यानं मी राहतो तिथंच, कोल्हापुरातच, केस करता येते, तारखेला तुम्हीच या. पट्टी लावलेले फोटो आणि टेंपरेचरचा लॉग जोडलाय. फोन नको, जे काय असेल ते मेलवर लेखी द्या, बर्फाचं असलं तरी.