कोरियाटाउनात घर घेण्याआधी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनात भाड्याने घर घेते आहेस, तर सही करण्याआधी एवढं वाच.

नुसत्या नावावर जाऊ नकोस. पाट्या कोरियन असल्या, तरी राहणाऱ्यांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबंच जास्त. जिन्यात, लाँड्रीत स्पॅनिश कानावर पडेल, तेव्हा चार शब्द शिकून घे. कोरियन माणसं मुख्यतः 1965 साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलल्यावर आली, ऑलिम्पिक रस्त्यावर दुकानं थाटली. 1992 च्या दंगलीत त्यांतली कितीतरी जळाली आणि त्यांनी ती पुन्हा उभी केली. हे मनात ठेवून तिथे वाग.

इमारत कधी बांधली ते आधी विचार. ऑक्टोबर 1978 पूर्वीच्या बहुतेक अपार्टमेंट इमारतींना शहराचं भाडे-नियंत्रण लागू आहे. झिमास या शहराच्या संकेतस्थळावर पत्ता टाकलास की कळतं. डिपॉझिट साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याएवढंच घेता येतं. अगदी छोट्या घरमालकाला दोन महिन्यांची मुभा आहे.

गाडी मात्र घेऊ नकोस. 1920 च्या दशकातल्या इमारतींत गाड्यांना जागाच नाही, म्हणून रात्री सगळा भार रस्त्यावर येतो. एकाच खांबावर पार्किंगच्या तीन-चार पाट्या असतात आणि त्या सगळ्या एकदमच लागू असतात. लोक वरची "दोन तास" वाचतात, खालची, रस्ता झाडायच्या दिवशी गाडी न लावण्याची, सोडतात आणि दंड भरतात. समोरच्या बाजूचा झाडलोटीचा वार वेगळा असू शकतो. विल्शायर-व्हर्मांट स्टेशनाजवळ घर मिळालं तर उत्तम, तिथे मेट्रोच्या दोन मार्गिका मिळतात.

आता जेवण. कोरियन भाषेत "गोगी प्पेजुसेयो" म्हणजे मांस काढा. पण तेवढ्याने पदार्थ शाकाहारी होत नाही: तुकडे निघतात, रस्सा बहुधा सुकवलेल्या मासळीचाच राहतो. किमचीतही, म्हणजे आंबवलेल्या कोबीतही, सहसा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. म्हणून रस्सा कशाचा हे वेगळं विचार. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, त्यातल्या त्यात सोपा. अंडं नको असेल तर तेही आधी सांग. पानाभोवतीच्या वाट्या फुकट असतात, संपल्या की पुन्हा देतात, पण टाकायचं नाही. पैसे दोन्ही हातांनी दे.

डाळी, मसाले, मोहरीचं तेल थर्ड स्ट्रीटवर मिळेल. न्यू हॅम्पशायर ते अलेक्झांड्रिया या रस्त्यांमधल्या त्याच्या पट्ट्याला 2010 पासून लिटल बांगलादेश म्हणतात.

घराचा पत्ता आणि बांधकामाचं वर्ष मला आधी कळव.

तुझी,
आई