केबल बसली म्हणून चालली असं नसतं

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत कॉम्प्युटरच्या एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या वीज देणाऱ्या खोक्याच्या, केबली कापून छोट्या करायच्या आणि त्यांवर रंगीत स्लिव्ह, म्हणजे नळी, चढवायची याबद्दल अर्धं पान आलं होतं, फोटो एकदम झकास. पण त्यात एक गोष्ट चुकीची आहे आणि एक लिहायचीच राहिली, आणि ती राहिलेली आमच्या घरी चांगलीच महागात पडलीय, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मल्टिमीटरचा भाग तेवढा कापू नका.

माझं फैजपुरात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. केळीवाल्यांच्या सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, यातच आयुष्य गेलं. स्लिव्ह म्हटलं की मला कॉइलच्या जॉइंटवर चढवतात ती फायबरग्लासची, व्हार्निशचा वास मारणारी स्लिव्ह आठवते, ती कोणी दाखवायला घालत नाही, जॉइंट बॉडीला लागू नये म्हणून घालतात. त्यामुळे पोरगी जळगावहून सुट्टीत घरी आली आणि म्हणाली पप्पा मला कॉम्प्युटरच्या वायरींना स्लिव्ह घालायचीय, तर मी म्हटलं घे की, दुकानात गठ्ठे पडलेत. ती हसायलाच लागली. तिला पाहिजे होती पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटच्या दोरीची वरची विणलेली नायलॉनची नळी, आतले धागे ओढून काढलेली, तीपण केळीच्या पानासारखी हिरवी आणि हळदीसारखी पिवळी.

तिचं कॅबिनेट साडेदहा लिटरचं. हो, लिटरच. ही छोटी खोकी लिटरमध्ये मोजतात हे मला तेव्हा कळलं, आमच्या हिला वाटलं पाण्याच्या जारबद्दल चाललंय. आत मिनी-आयटीएक्स नावाचा छोटा मदरबोर्ड, १७ सेंटिमीटर बाय १७, आणि एसएमपीएस पण नेहमीचा नाही, एसएफएक्स नावाचा, १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर, म्हणजे विटेपेक्षाही आखूड. त्याच्यासोबत आलेली २४ पिनची केबल फूटभर आणि बोर्डापर्यंतचं अंतर जेमतेम वीतभर. उरलेला गठ्ठा दाबून दाबून कोंबला की तो नेमका पंख्याच्या तोंडाशी. थंड गावात चालून जाईलही, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा खोलीतलीच हवा भट्टीसारखी, त्यात तिचीही वाट अडवलेली. म्हणून केबल आखूड करणं हे कामाचं आहे, त्याला पोरखेळ म्हणू नका. स्लिव्ह मात्र निव्वळ हौस, तिने काही थंड होत नाही, उलट वायर जाड होते. पोरीला हे पटत नाही. असो.

आता तुमची चूक. पुरवणीत लिहिलंय की केबल सुटी होत नसेल तर एसएमपीएसचे चार स्क्रू काढून आतूनच वायरी कापा. साहेब, असं कृपा करून छापू नका. आत २३० व्होल्टचे डीसी होतात, आणि आजकालच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये मोठ्या कपॅसिटरवर चारशेच्या जवळपास व्होल्ट असतात. प्लग काढला तरी ते लगेच उतरतात याची खात्री नसते. मी रोज ४१५ व्होल्टमध्ये हात घालणारा माणूस, पण ते खोकं मी पोरीला उघडू दिलं नाही. जे करायचं ते बाहेरच्या केबलीवर, आणि त्यासाठी मॉड्युलर एसएमपीएस घ्या, ज्याच्या केबली दोन्हीकडून निघतात.

वायरीचं सांगतो, कारण इथे माझा धंदा कामी आला. तिला १८ गेजची वायर लागत होती, साधारण पाऊण ते एक स्क्वेअर एमएमच्या मधली. मी घरगुती वायरिंगची १ स्क्वेअर एमएम काढून दिली तर तिचं इन्सुलेशन जाड, वर पॅराकॉर्ड चढवली की कनेक्टरच्या भोकात शिरेचना. मग बाजारातून आणली, स्वस्त मिळाली म्हणून मी खुश, आणि ब्लेडने खरवडली तर वर तांबूस नि आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! मोटरीत असली वायर भरली तर शेतकरी दुसऱ्या सीझनला दारात उभा राहतो. उलटं असेल तर घाबरू नका, वर पांढरी आणि आत लाल असेल तर ती कल्हई केलेली तांब्याचीच वायर, चांगली असते.

लोकांना वाटतं १२ व्होल्ट म्हणजे खेळणं. झटका बसत नाही हे खरं, पण अँपिअर बघा की. पाच एचपीची थ्री फेज मोटर एका फेजला सात-साडेसात अँपिअर ओढते आणि हा टीचभर कॉम्प्युटर ४०० वॅटवर चालला तर १२ व्होल्टला होतात ३३ अँपिअर! ग्राफिक कार्डाची ८ पिनची केबल १५० वॅटची, म्हणजे साडेबारा अँपिअर, ते तीन तारांत वाटून प्रत्येकीला सव्वाचारच्या आत, तिथवर ठीक. पण त्या नव्या १६ पिनच्या कनेक्टरमधून ६०० वॅटपर्यंत नेतात, सहा पिनांना प्रत्येकी आठच्या वर अँपिअर, आणि ते वितळल्याचे फोटो जगभर फिरलेत. तसलं कार्ड असेल तर कंपनीची केबल राहू द्या, हौस दुसऱ्या केबलीवर करा.

जॉइंट ढिला की तो तापणार, हे मोटरीतही तेच आणि इथेही तेच. पिनेला चार पंख असतात, आतले दोन तांबं पकडतात, बाहेरचे दोन इन्सुलेशन. मोटरीच्या वायरीच्या टोकाला बसवतात ते लग दाबायच्या माझ्या पान्याने पहिल्या दहा पिना चेपून गेल्या, त्याला त्या मापाचं क्रिंपिंगचं, म्हणजे पिन वायरीवर दाबून बसवायचं, वेगळं हत्यार लागतं. सोल्डर मारून टाकू म्हटलं तर पोरगी नाही म्हणाली, आणि बरोबर होतं तिचं, सोल्डर तारेत वर चढतं, वायर तिथे कडक होते आणि वाकवली की तिथेच तुटते. प्रत्येक पिन दाबल्यावर ओढून बघायची, निघाली तर परत.

पॅराकॉर्ड चढवायचं काम आमच्या आईने केलं. आधी विचारलं, काय करू राह्यली वो पोरी, मग स्वतःच मांडी घालून बसली. परकरात नाडी ओवायचा हात तो, पिनेच्या काट्यावर कागदी टेप गुंडाळला की नळी अडकत नाही, गोळा करत करत पुढे सरकवायची, टोक लायटरने जरासं वितळवून बोटाने दाबायचं. (बोट ओलं करून, नाहीतर चटका.) २४ पिनच्या केबलीत वायरी २३, कारण २० नंबरचं घर आता रिकामं असतं, आणि १३ नंबरला बऱ्याचदा एका पिनेत दोन वायरी येतात, त्यातली बारीक वायर व्होल्टेज मोजायची. ती फालतू समजून कापू नका. एवढं सगळं दोन दिवस चाललं, दिसायलाही इतकं सुंदर झालं की शेजारच्या पोरांना बोलावून दाखवलं.

वर्षभर मस्त चाललं. मग पावसाळ्यात लाईटीच्या येण्या-जाण्यात एसएमपीएस गेला. पोरीने नवीन घेतला, त्याच कंपनीचा, फक्त मोठ्या वॅटचा. केबली जुन्याच लावल्या, आजीच्या हाताच्या, कोण काढून टाकणार त्या? कनेक्टर तसेच, खटकन बसले. बटण दाबलं, पंखा अर्धा फेर फिरला आणि तो वास आला. रिवायंडिंगवाल्याला तो वास ओळखायला नाक पुढे करावं लागत नाही. हार्ड डिस्क गेली. डिस्कला ज्या तारेने ५ व्होल्ट जायला पाहिजेत तिच्यावर १२ गेले होते. त्या डिस्कवर आईची आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, गाणी होती, झोक्यावर बसून म्हटलेली, सहा-सात तरी. आई आता नाही.

तर लिहायची राहिलेली गोष्ट ही: केबलीचं बोर्डाकडचं टोक बहुतेक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या भोकात काय याचा कसलाही ठरलेला नियम नाही. कंपनी बदलली की बदलतं, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतं. प्लास्टिक सारखं दिसतं म्हणून केबल सारखी नाही. शिवाय स्लिव्ह घातली की आतला रंग दिसत नाही, आणि आजकाल तर कंपनीच सगळ्या वायरी काळ्या देते, म्हणजे पिवळी १२, लाल ५, नारंगी ३.३ हा जुना हिशोबही गेला. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन यांचंही तसंच, दिसायला बहिणी, आणि प्लस-मायनस एकदम उलटं.

नंतर मी नवीन केबल बघायला एका दुकानात गेलो (कुठल्या गावात ते सोडा) तर तिथे एका खोक्यात वीस एसएमपीएसच्या केबली एकत्र, त्याने एक उपसून दिली आणि म्हणाला, बसते ना भो, मग चालते. मोटरीतून सहा टोकं बाहेर येतात, यू१ व्ही१ डब्ल्यू१ आणि यू२ व्ही२ डब्ल्यू२. सहाही लग एकाच मापाचे, कुठल्याही स्टडवर बसतात. म्हणून मी बसेल तिथे लावतो का? नंबर बघूनच लावतो, आणि नुसते दोन फेज जरी बदलले तरी पंप उलटा फिरतो.

आता मल्टिमीटर. चारशे-पाचशे रुपयांचा साधा चालतो. केबल कॉम्प्युटरला लावायच्या आधी सुटी असतानाच बीपवर ठेवून एकेक पिन वाजवा, या टोकाचं हे घर त्या टोकाच्या कुठल्या घराला जातं ते कागदावर चौकोन काढून लिहा, आणि त्या एसएमपीएससोबत आलेल्या मूळ केबलीशी जुळवा. कापायच्या आधी मूळ केबलीचा असा कागद करून ठेवला नाही तर नंतर जुळवणार कशाशी? मग केबल फक्त एसएमपीएसला लावा, बोर्ड नाही, डिस्क नाही, काही नाही. २४ पिनच्या १६ नंबरचं घर, म्हणजे जुन्या रंगात हिरवं, जुन्या रंगात काळ्या म्हणजे मायनसच्या कुठल्याही घराला तारेच्या तुकड्याने जोडलं की एसएमपीएस चालू होतो. आता प्रत्येक टोकाला व्होल्ट मोजा. १२ च्या जागी ११.४ ते १२.६, ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५, ३.३ च्या जागी ३.१४ ते ३.४७, यात असेल तरच पुढे. पाव तासाचं काम आहे, आम्ही तो पाव तास वाचवला होता.

तुम्ही पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर एसएमपीएस उघडू नका हे आधी छापा, फोटोच्या शेजारी, त्याच आकारात. कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं आमच्या दुकानात कोणी वाचत नाही, तिथे तुमच्या पेपरात भजी येतात.

पोरीने नवीन केबली केल्यात. प्रत्येकीला पॅनलवायरिंगवाल्यांसारखे नंबरचे फेरूल, म्हणजे नंबर छापलेले छोटे छल्ले, घातलेत आणि एसएमपीएसच्या मॉडेलचं नाव चिठ्ठीवर लिहून बांधलंय. आईच्या हातच्या हिरव्या-पिवळ्या दुकानात खिळ्याला टांगल्यात, गिऱ्हाईक विचारतं भाऊ ही कसली शोभा, मी सांगतो, ही विकायची नाही.

आपला,
एक रिवायंडिंगवाला वाचक
फैजपूर, जि. जळगाव